सगळ्यात हलकी सिस्टम का हरली: २००९ सालच्या एका लॅपटॉपचं प्रकरण

हे प्रकरण मी दोनदा निकाली काढलं, कारण पहिल्यांदा चुकलो. कुठल्या आकड्यावर नको तितका विश्वास ठेवल्यामुळे चुकलो, ते सांगण्यासाठी हा खटाटोप. जुन्या यंत्रासाठी हलकी ऑपरेटिंग सिस्टम शोधणारे बहुतेक जण त्याच आकड्याच्या मागे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॅपटॉप माझ्या आत्याचा. आत्या मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि आता स्वतःच्या टिपणांच्या वह्या टाइप करायला घेतल्या आहेत. तिची तक्रार फोनवर एका वाक्यात आली: "बटण दाबून आंघोळीला जाते, परत येते, तरी ते गोल फिरतंच असतं." मी नवीन लॅपटॉपचा विषय काढल्याबरोबर तिने तो मोडीत काढला. "ह्याच्या कळांना हात बसलाय. नवीन नको. हा चालता कर."

यंत्र असं होतं: इंटेल कोअर २ ड्युओ टी६६००, दोन कोअर, २.२ गिगाहर्ट्झ. २ जीबी डीडीआर२ मेमरी, १ जीबीच्या दोन पट्ट्यांमध्ये. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी २५० जीबीची हार्ड डिस्क. ग्राफिक्स चिपसेटमधलंच, म्हणजे तेही मेमरीतून आपला वाटा उचलणार. आला तेव्हा त्यावर विंडोज ७ होती, पुढे कुणीतरी फुकटच्या अपग्रेडमध्ये विंडोज १० चढवली. आत्याचं काम मोजकं: देवनागरी टायपिंग, मेल, छपाई, व्याख्यानांचे व्हिडिओ आणि महिन्यातून एखादा व्हिडिओ कॉल.

आधी नाडी, मग औषध

सिस्टम बदलण्याआधी आहे तीच चालू करून घड्याळ लावलं. बटणापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत साडेचार मिनिटं आणि त्यानंतर ब्राउझर हाताशी यायला आणखी तीन. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत, मेमरी नव्वदच्या घरात आणि डिस्क शंभर टक्के. ती तिथून हलायलाच तयार नाही.

म्हणजे 'प्रोसेसर म्हातारा झाला' हे निदान चुकीचं. मेमरी भरली की विंडोज नको असलेली पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, डिस्कवर टाकते आणि हवी झाली की परत आणते. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कचा एक फेरा साधारण ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, शिवाय डोकं त्या पट्ट्यावर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. हिशोब केला तर विखुरलेल्या जागांवरून वाचताना ही डिस्क सेकंदाला साठ-सत्तर जागा गाठते. साधीशी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, सेकंदाला अशा हजारो जागा गाठते. प्रोसेसर बिचारा हात बांधून डिस्कची वाट बघत बसलेला.

मग डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं आणि पिवळा दिवा लागला. आठ सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आधीच बदललेले, चौदा 'पेंडिंग', म्हणजे डिस्कला वाचता येत नाहीत पण अजून हिशोबातून काढलेलेही नाहीत. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टमची निवड वगैरे बाजूला ठेवून आधी माल बाहेर काढायचा असतो. यासाठी पपी लिनक्स उत्तम. (लिनक्स म्हणजे विंडोजला पर्याय असलेल्या सिस्टमांचं घराणं.) २००३ मध्ये बॅरी कॉलर यांनी सुरू केलेली ही छोटी सिस्टम पेनड्राइव्हवरून सुरू होते, सगळीच्या सगळी मेमरीत जाऊन बसते आणि आपण सांगेपर्यंत हार्ड डिस्कला हात लावत नाही. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर विंडोज चालू ठेवून फायली कॉपी करणं म्हणजे घसरत्या दरडीवर उभं राहून सामान बांधणं. पपीमध्ये देवनागरी फॉन्ट नसल्यामुळे फायलींची नावं नुसत्या चौकोनांची दिसत होती, पण कॉपी व्हायला नाव वाचता यावं लागत नाही. दोन फायली वाचताच आल्या नाहीत. दोन्हींच्या प्रती मेलमध्ये सापडल्या.

मेमरीची चाचणी रात्रभर चालू ठेवली, एकही चूक निघाली नाही. पंख्यातून बोटभर जाडीची धुळीची गादी निघाली. तापमान उतरलं आणि पंख्याची शिट्टी बंद झाली. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, त्यामुळे हे पाच मिनिटांचं काम कुठलीही सिस्टम टाकण्याआधी करून घ्यावं.

३२ की ६४

सगळे सांगत होते की हा लॅपटॉप ३२ बिटचा आहे. (३२ किंवा ६४ बिट म्हणजे प्रोसेसर एका वेळी केवढा आकडा हाताळतो ते.) विंडोजच्या माहितीपानावरही तसंच लिहिलेलं. नीट वाचलं तर तिथे दोन गोष्टी असतात: ऑपरेटिंग सिस्टम ३२ बिटची, प्रोसेसर ६४ बिटचा. विकताना २ जीबी मेमरी बघून ३२ बिटची विंडोज ७ टाकलेली, अपग्रेडनेही तीच परंपरा पुढे नेली, आणि पंधरा वर्षं यंत्राच्या क्षमतेबद्दल गैरसमज राहिला. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून 'एलएससीपीयू' एवढंच टाइप केलं की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत याचा निकाल लागतो.

हा मुद्दा आता जगण्या-मरण्याचा झाला आहे. गूगलने ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम २०१६ मध्येच थांबवला. उबुंटू या लिनक्स सिस्टमच्या हलक्या भावंडांनी, लुबुंटू आणि झुबुंटूने, १८.१० या आवृत्तीनंतर ३२ बिटच्या प्रती काढल्या नाहीत. त्याच घराण्यातला डेबियन बराच काळ तग धरून होता, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर ३२ बिट लिनक्सचा हात सोडला. '२ जीबीपेक्षा कमी मेमरी असेल तर ३२ बिटच टाका, कमी जागा खाते' हा सल्ला एके काळी रास्त होता, मीही तो दिलेला आहे. आज तो पाळला तर थोडी मेमरी वाचेल आणि ब्राउझर मात्र जुना होत जाईल. प्रोसेसर खरोखरच ३२ बिटचा असेल, उदाहरणार्थ २००८ च्या नेटबुकांमधला अ‍ॅटम एन२७०, तर मात्र डेबियन १२ वर बेतलेल्या सिस्टमांशिवाय फारसा पर्याय उरत नाही. आत्याच्या लॅपटॉपवर ती वेळ आली नव्हती.

कोण कोण बाद झालं

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तो संपला नसता तरी या मेमरीत तिला श्वास घेता येत नव्हता. एका चुलतभावाने आग्रह धरला की कुठलीशी युक्ती करून विंडोज ११ बसते. तपासण्या चुकवून ती बसवता येते हे खरं, पण २४एच२ आवृत्तीपासून तिला प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना लागतात. कोअर २ घराण्यात त्या नाहीतच, त्यामुळे सिस्टम सुरूच होत नाही. तिथे युक्ती चालत नाही. दुसऱ्याने 'विंडोज ७ परत टाक, तेव्हा पळत होता' असं सुचवलं. तेव्हा पळत होता, कारण तेव्हाची संकेतस्थळं वेगळी होती. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि त्यावर चालणारा शेवटचा क्रोम १०९ वा. मेल आणि बँक ज्या यंत्रावर उघडायची तिथे हे नको.

गूगलच्या क्रोमओएस फ्लेक्सला किमान ४ जीबी मेमरी लागते, म्हणून ती दारातूनच परत. रेड हॅट एंटरप्रायझ लिनक्स ९ आणि तिच्यावर बेतलेल्या सिस्टमांनाही प्रोसेसरची वरची पायरी लागते, तिथेही तोच एसएसई४.२ चा अडसर. ही अट फारशी कुणी वाचत नाही आणि मग 'आयएसओच (सिस्टमची डाउनलोड फाइल) खराब आहे' म्हणून तीनदा उतरवत बसतात.

टायनी कोअर बघून मला नेहमी मौज वाटते. अख्खा चित्रमय डेस्कटॉप पंचवीस एमबीच्या आत. पण त्यात छपाईपासून वायफायपर्यंत सगळं एकेक करून चिकटवावं लागतं, आणि तो छंद माझा आहे, आत्याचा नाही. पपीनेही आपलं काम केलं होतं. रोजच्या वापरासाठी ती नको वाटली, कारण तिथे सगळं मुख्य प्रशासकाच्या अधिकारात चालतं आणि बदल एका वेगळ्या सेव्ह फायलीत राहतात. ती फाइल बिघडली की सगळं गेलं.

उरले तीन: अँटिएक्स २३, लुबुंटू आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई (एक हलका डेस्कटॉप) आवृत्ती. तिन्ही एकाच पेनड्राइव्हवर व्हेंटॉय वापरून ठेवल्या. त्या काळातल्या यंत्रांच्या बायोसमध्ये, म्हणजे सिस्टमच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पेनड्राइव्ह वेगळा दिसत नाही, 'हार्ड डिस्क' या यादीच्या पोटात लपलेला असतो. यात माझी वीस मिनिटं गेली.

आणि अर्धा तास गेला तारखेत. लाइव्ह सिस्टम, म्हणजे डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारी, सुरू झाली, तार लावून इंटरनेट आलं, पण प्रत्येक संकेतस्थळ 'सुरक्षित नाही' म्हणून अडत होतं. पॅकेजांची यादी आणायला गेलो तर 'ही यादी अजून वैध झालेली नाही' असं उत्तर. मी सिस्टमला, राउटरला, शेवटी स्वतःला दोष देऊन झाल्यावर कोपऱ्यात लक्ष गेलं. तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला. लॅपटॉपच्या हिशोबाने ती प्रमाणपत्रं अजून जन्माला यायची होती.

तीन सिस्टमा, एकच ब्राउझर

चाचणी अशी ठेवली: सिस्टम सुरू करायची, दोन मिनिटं थांबायचं, 'फ्री' ही आज्ञा देऊन मेमरी बघायची. मग फायरफॉक्समध्ये तेच चार टॅब उघडायचे, म्हणजे मेल, एक बातम्यांचं पान, एक ऑनलाइन शब्दकोश आणि एक थांबवलेला व्हिडिओ, आणि पुन्हा बघायचं. बघताना 'फ्री'चा रकाना सोडून 'अव्हेलेबल'चा धरायचा. रिकामी मेमरी लिनक्स डिस्कच्या कॅशसाठी वापरून टाकतो, त्यामुळे 'फ्री'चा रकाना उगाच घाबरवतो. लाइव्ह चालवताना आकडे थोडे फुगतात हेही खरं, पण तिन्हींचे सारखेच फुगतात.

ग्राफिक्सचा वाटा वजा जाता हाताशी होती साधारण १.९ जीबी. नुसती सिस्टम चालू असताना अँटिएक्सने २१० एमबी घेतले, लुबुंटूने ५२०, मिंटने ७६०. हाच तो आकडा. सगळ्या तुलनांमध्ये तो पहिल्या ओळीत असतो, आणि त्यावरून बघितलं तर अँटिएक्स साडेतीन पट हलकी.

चार टॅब उघडल्यावर फायरफॉक्सने तिन्हीकडे १.२ ते १.३ जीबी घेतले. सिस्टम कोणतीही असो, त्याची भूक तीच. त्यामागे कारण आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली कमजोरी जाहीर झाली. एका पानाला शेजारच्या पानाची मेमरी डोकावून वाचता येऊ नये म्हणून ब्राउझरांनी प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडायला सुरुवात केली. क्रोमने त्याच वर्षी, फायरफॉक्सने २०२१ मध्ये. प्रत्येक प्रोसेसचा स्वतःचा संसार आला. हे वजन सुरक्षिततेचं आहे, उतरवून ठेवण्यासारखं नाही.

बेरीज आता कुणीही करेल. अँटिएक्स १.५ जीबीवर थांबली, थोडी जागा शिल्लक. लुबुंटू १.८ वर, म्हणजे कडेलोटाला टेकलेली. त्यात लुबुंटूचा फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात येतो, तो दाबून भरलेल्या गठ्ठ्यातून उलगडत सुरू होतो, आणि संथ डिस्कवर तेवढी वाट बघणं जाणवतं. मिंट चौथ्या टॅबला गोठली. माउसचा बाण सुद्धा हलेना.

म्हणून मी अँटिएक्स निवडली. कागदावर दुसरा निर्णय शक्यच नव्हता. माझ्या कपाटात पडून असलेली १२० जीबीची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी बसवली, तिच्यावर सिस्टम टाकली. लॅपटॉपची साटा, म्हणजे डिस्क जोडायची वाट, जुन्या पिढीची, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, पण इथे प्रश्न सरळ रेषेतल्या वेगाचा नव्हताच. विखुरलेली वाचनं झटक्यात होऊ लागली आणि २५ सेकंदांत डेस्कटॉप आला. मी स्वतःवर खूश होऊन परतलो.

तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात चार फोन आले. राउटर बंद होऊन चालू झाल्यावर वायफाय गेलं. ते जोडायची साधनं अँटिएक्समध्ये दोन आहेत, आत्याने एकात पासवर्ड टाकला आणि दुसरं उघडून बघत बसली. आवाज गेला. तो मिक्सरच्या उभ्या पट्ट्यांमध्ये 'एम' दाबून परत आणायचा असतो, हे फोनवर सांगताना माझा घसा बसला. कंट्रोल सेंटर आहे, चांगलं आहे, पण ते यंत्र ओळखणाऱ्या माणसाच्या भाषेत बोलतं. अँटिएक्सचा यात दोष नाही. जुन्या यंत्रातून शेवटचा थेंब काढू पाहणाऱ्यांसाठी ती बनवली आहे आणि ते काम ती चोख करते. मी ती भलत्या हातात दिली.

तिसऱ्या आठवड्यात खरं नुकसान झालं. आत्या दोन दिवस एका वहीच्या दुरुस्त्या करत होती. फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली, लॅपटॉपवरची पुसली (तिची जुनी सवय, एकच प्रत ठेवायची म्हणजे आवृत्त्यांचा घोळ होत नाही), आणि पेनड्राइव्ह उपसून काढला. लिनक्स पेनड्राइव्हवर लिहायचं ते आधी मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीने खाली उतरवतो. 'कॉपी झाली' दिसलं तेव्हा ती प्रत्यक्षात उतरलेली नव्हती. मी केलेल्या मांडणीत 'काढू नका, लिहिणं चालू आहे' असं सांगणारं काहीच नव्हतं. ते लावून द्यायला हवं होतं, किमान सांगायला तरी. दोन दिवसांचं काम गेलं.

"आधीचा हळू होता," ती म्हणाली, "पण त्याने कधी माझं काही खाल्लं नाही."

यावर मला उत्तर नव्हतं. मी २१० आणि ७६० या आकड्यांमधला फरक तोलला होता. तो साडेपाचशे एमबीचा फरक ज्या गोष्टींमध्ये जातो त्या काय आहेत, हे मी मोजलंच नव्हतं. अपडेटची आठवण करून देणारी ढाल, पेनड्राइव्हशेजारचा बाहेर काढायचा बाण, वायफायचं एकुलतं एक चिन्ह, आवाजाची सरकपट्टी. मला त्या फुकटच्या ओझ्यासारख्या वाटत, कारण त्यांच्याविना माझं अडत नाही.

गणित बदलायला दोन पट्ट्या पुरतात

मग सिस्टम आत्याच्या मापाची ठेवायची आणि जागा वाढवायची असं उलटं ठरवलं. या चिपसेटला ८ जीबीपर्यंत मेमरी चालते. डीडीआर२ च्या ४ जीबीच्या पट्ट्या दुर्मिळ, पण २ जीबीच्या जुन्या यंत्रांमधून सहज निघतात. ओळखीतल्या एकाच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधून तशा दोन मिळाल्या. पाठीमागचे दोन स्क्रू, जुन्या पट्ट्या बाहेर, नव्या आत, पुन्हा एकदा रात्रभर मेमरीची चाचणी. इथे ३२ बिटच्या गैरसमजाची शेवटची किंमत दिसते: ३२ बिटची विंडोज ठेवली असती तर ४ जीबीतले तीन-सव्वातीनच तिला वापरता आले असते.

आता मिंट एक्सएफसीई पुन्हा तपासली. नुसती सिस्टम ७८० एमबी, चार टॅबसह २.२ जीबी, हाताशी ३.८. म्हणजे दीड जीबी मोकळे. अँटिएक्सवर सव्वादोन मोकळे राहिले असते, पण न वापरलेली मेमरी आत्याच्या काय कामाची? २ जीबीवर तो साडेपाचशेचा फरक चालणं आणि गोठणं यांच्यातला होता. ४ जीबीवर तो दिसेनासाच झाला.

मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. फायरफॉक्स तिथे स्नॅपमध्ये न येता साध्या पॅकेजमध्ये येतो. डेबियन १३ एक्सएफसीई घालूनही हेच जमलं असतं. ढालीचं चिन्ह आणि ड्रायव्हर शोधून देणारी खिडकी यांमुळे मी मिंटकडे झुकलो. लॅपटॉपमधलं ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड त्या खिडकीतून दोन क्लिकमध्ये जागं झालं.

बसवल्यानंतरची किरकोळ कामं. झेडरॅम चालू केलं. मेमरी भरत आली की डिस्ककडे न धावता पानं मेमरीतच दाबून बारीक करून ठेवतं, दोन कोअर असलेल्या यंत्राला एवढं परवडतं. ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकलं. जाहिरातींच्या स्क्रिप्ट अडवल्यावर बातम्यांचं पान इतकं हलकं झालं की मी आधीच्या चाचण्यांमध्ये हे का केलं नाही म्हणून स्वतःवरच चिडलो. २ जीबीवरही यानेच सगळ्यात मोठा फरक पडला असता. आपण सिस्टमचं वजन मोजत बसतो आणि पानाचं वजन कुणी बघत नाही. सिस्टमच्या प्रती काढून ठेवणाऱ्या टाइमशिफ्टला दोनच प्रती ठेवायला सांगितलं, नाहीतर १२० जीबी भरायला वेळ लागत नाही.

व्हिडिओसाठी वेगळी मात्रा लागली. यूट्यूब शक्य तिथे व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींमध्ये चित्र पाठवतं. या ग्राफिक्सला त्या उलगडता येत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि दोन्ही कोअर नव्वद टक्क्यांवर जातात. एच२६४इफाय हे छोटं एक्स्टेन्शन यूट्यूबला जुन्या एच.२६४ मध्येच पाठवायला लावतं. ४८० रेषांवर व्याख्यान आता न अडखळता चालतं. माणूस बोलताना बघायला तेवढं पुष्कळ.

व्हिडिओ कॉल मात्र जमला नाही. एकाच वेळी स्वतःचं चित्र दाबायचं, समोरच्याचं उलगडायचं आणि आवाज सांभाळायचा, हे या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचं आहे. कुठलीही सिस्टम टाकली तरी हेच होणार. तो फोनवर करायचा ठरला आणि आत्याची त्याला हरकत नव्हती.

जुन्या फायलींचा प्रश्न उरला होता. तिचं आधीचं बरंच लिखाण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. वाचवून ठेवलेल्या विंडोजच्या फोल्डरमधून तो फॉन्ट उचलला, तिच्या खात्याच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला, लिबरऑफिस बंद करून उघडलं आणि फायली वाचता आल्या. नवं लिखाण इनस्क्रिप्टमध्ये. तो कळफलक तिला आधीपासून येत होता आणि लिनक्समध्ये तो मांडणीच्या यादीतून नुसता निवडायचा असतो. जुन्या डिस्कवर बाकी काही उरलं नव्हतं, पण अजून महिनाभर ती ड्रॉवरमध्ये ठेवली. असल्या कामात 'अगं आत्या, ते पण हवं होतं का?' हा प्रश्न नेहमी दोन आठवड्यांनी येतो.

आता बटणापासून डेस्कटॉप ३८ सेकंदांत येतो. अँटिएक्सपेक्षा तेरा सेकंद जास्त. ब्राउझर सहा सेकंदांत. बॅटरी वीस मिनिटं टिकते, म्हणून तो तारेलाच बांधलेला असतो. पेनड्राइव्ह काढायच्या आधी ती बाण दाबते, 'काढू शकता' असं दिसेपर्यंत थांबते आणि मग काढते. लॅपटॉपवरची प्रत पुसायची सवय मात्र मी हट्टाने सोडवली.

दहा दिवसांनी फोन वाजला. मी मनाची तयारी करून उचलला.

"अरे, बाकी सगळं ठीक आहे. पण हा ल आपला नाही."

फॉन्टमधला ल आणि श हिंदी वळणाचे होते. मला तोवर जाणवलंही नव्हतं. मराठी वळणाचा फॉन्ट पाठवला, तो कुठे टाकायचा ते सांगितलं आणि तिने तो स्वतः टाकला. मग एक पान छापून जुन्या छापील पानाशेजारी ठेवलं, भिंग घेतलं. फोन चालूच होता, पण बराच वेळ काही आवाज आला नाही.

"हं. चालेल."

एकूण तेवीस वह्या आहेत. परवा विचारलं तेव्हा अकरावी चालू होती.